कण्यातली गादी आणि धातूची चकती

पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. फुलांनी भरलेल्या जड पाट्या डोक्यावर घेऊन हमाल भराभर चालताना दिसतील. तिथून जवळच शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथे मुले मल्लखांबावर शरीराची कमान करतात. हमालाचा कणा ओझे पेलतो, मल्लखांबपटूचा कणा लवतो. खांबासारखे ताठ राहायचे आणि वेतासारखे वाकायचेही, ही दोन्ही कामे एकाच कण्याला कशी साधतात?

याचे रहस्य मणक्यांच्या मधल्या जागेत आहे. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक गादी असते. अशा २३ गाद्या आपल्या कण्यात आहेत. गादीच्या मध्यभागी भरपूर पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची वलये असतात. वजन पडले की गर दाबला जातो, वलये ताणली जातात आणि धक्का जिरतो.

हा दाब किती असतो? १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतील गादीत दाबमापक बसवून तो मोजला. उताणे झोपल्यावर जो दाब होता, त्याच्या सुमारे पाचपट तो उभे राहिल्यावर भरला. कंबरेत वाकून २० किलोचे ओझे उचलताना तो उभे असतानाच्या साडेचारपटींवर गेला. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले, तेव्हा वाढ साडेतीनपटींच्या आतच राहिली!

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या मणक्यांतून जे पाझरेल त्यावर तिचे पोषण चालते. त्यामुळे झीज सहजासहजी भरून येत नाही. वयाबरोबर गरातील पाणी कमी होते, गादी चपटी होते, वलयांना चिरा पडतात. मात्र झिजलेली प्रत्येक गादी दुखतेच असे नाही. बहुतेकांची कंबरदुखी हालचाल, व्यायाम आणि औषधे यांनी कमी होते. थोड्याच रोग्यांना शस्त्रक्रिया लागते.

जुना उपाय म्हणजे झिजलेली गादी काढून तेथे हाडाचे तुकडे भरायचे, स्क्रू लावायचे आणि दोन मणके एकजीव होऊ द्यायचे. जोडण्याची ही विद्या किती मोलाची आहे, हे आपल्या परळनेच दाखवून दिले आहे. १९२६ साली सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व डॉ. विजय लाहेरी यांनी १९९४ मध्ये मानेचे सर्वांत वरचे दोन मणके पट्टी व स्क्रूंनी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर गेली. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्रिया याच सांध्यात होते. ती गमवावी लागते, पण मज्जारज्जू वाचतो.

कंबरेत मात्र प्रश्न वेगळा आहे. दाराची एक बिजागरी गंजून घट्ट बसली, तर उरलेल्यांवर ताण येतो. तसाच जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गाद्यांवर भार वाढू शकतो. मग हलणारी कृत्रिम गादीच का बसवू नये?

स्वीडनचे डॉ. फर्नस्ट्रॉम यांनी १९६० नंतरच्या दशकात गादीच्या जागी पोलादी गोळी बसवून पाहिली. गोळीचा स्पर्श लहानशा जागेवर होतो, म्हणून सारा दाब तेथेच एकवटतो. अनेक रोग्यांच्या मणक्यांत ती गोळी रुतत गेली.

पुढचे पाऊल एका खेळाडूने टाकले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या पूर्व जर्मनीच्या कारिन यान्झ पुढे अस्थिशल्यचिकित्सक झाल्या. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांनी कुर्ट शेलनाक यांच्याबरोबर १९८२ मध्ये एक चकती आखली. वर व खाली धातूचे दोन रुंद पत्रे आणि मध्ये घसरणारा प्लॅस्टिकचा गाभा, अशी तिची रचना होती. रुंद पत्र्यांमुळे दाब पसरतो आणि गाभ्यामुळे मणका हलतो. १९८४ मध्ये ती प्रथम रोग्याला बसवली गेली. सुरुवातीच्या नमुन्यांत दोष निघाले आणि १९८७ मध्ये तिसरा नमुना आला. २००४ साली अमेरिकेतही त्याला परवानगी मिळाली. ही चकती पुढे बाजारातून गेली, पण हलणाऱ्या चकत्यांचे इतर प्रकार आज वापरात आहेत.

मग प्रत्येकाला चकतीच का बसवत नाहीत? हाडे ठिसूळ असतील, मणका सरकला असेल किंवा मणक्यांचे मागचे लहान सांधे झिजले असतील, तर ती चालत नाही. ती पोटाच्या बाजूने बसवतात. तेथे मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने ती पुन्हा काढणे धोक्याचे असते. निवडक रोग्यांवरील चाचण्यांत तिचे परिणाम जोडणीइतके चांगले ठरले, पण निसर्गाच्या गादीसारखी पाणी शोषून फुगणारी चकती ती नव्हे.

ते फुगणे घरीच पाहा. रात्री निजण्यापूर्वी भिंतीला टेकून उंचीची खूण करा. सकाळी उठल्याबरोबर त्याच जागी पुन्हा करा. सकाळची खूण साधारण एक सेंटिमीटर वर दिसेल. रात्रभर ओझे उतरलेल्या गाद्यांनी पाणी ओढून घेतलेले असते. आता पुस्तकांचे जड दप्तर उचलताना कंबर वाकवायची की गुडघे, ते तुम्हीच ठरवा!