भिडू मिळतो ते दुकान

लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातला एक घरमालक 1976च्या सुमाराला आपल्या भाडेकरूंना पार कंटाळला होता. त्यांच्याकडे वेळी-अवेळी अनोळखी माणसं यायची आणि दुकान कुठं आहे म्हणून विचारायची. दुकान नव्हतंच. होते ते तीन मित्र आणि टपालाने खेळ विकण्याचा त्यांचा घरगुती उद्योग. इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या शाळासोबत्यांनी 1975 साली ‘गेम्स वर्कशॉप’ हे नाव लावून धंदा मांडला होता. पीकच्या हातात सुतारकाम होतं. गो, बॅकगॅमन, मंकाला असल्या खेळांचे लाकडी पट तो घडवायचा. बाकी दोघांनी अमेरिकेतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नव्या खेळाच्या सहा प्रती मागवल्या. तिकडची कंपनीही तेव्हा इतकी लहान होती की एवढ्या मागणीवर या पोरांना सबंध युरोपातल्या वितरणाचा हक्क मिळून गेला.

पीकला या नव्या खेळातल्या राक्षस-जादूगारांत काही गोडी वाटेना, तो बाहेर पडला. घरमालकाने उरलेल्यांना काढलं. मग हे दोघे काही काळ एका व्हॅनमध्ये राहिले, आणि आंघोळीची सोय व्हावी म्हणून स्क्वॉश क्लबचे सभासद झाले. एप्रिल 1978 मध्ये हॅमरस्मिथच्या डॅलिंग रोडवर त्यांचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा दारापुढे रांग होती. आधी दुकान थाटायचं आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघायची, ही धंद्याची नेहमीची रीत. इथे गिऱ्हाईक दोन वर्षं आधीच येऊन बसलं होतं.

हे गिऱ्हाईक काय शोधत होतं? खेळ तर टपालाने घरपोच मिळत होता. पण घरी बसून एकट्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळता येत नाही. त्याला भिडू लागतात, आणि सत्तरच्या दशकात आपल्या गावात हे वेड आणखी कुणाला आहे हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग दुकानाने काढला. फळ्यावर चिठ्ठी लावा, शनिवारी या, कुणीतरी भेटेल. छंदाच्या खेळांची दुकानं आजवर टिकली आहेत ती या एका गोष्टीवर, असं माझं मत आहे. खोक्यातला माल हे नुसतं निमित्त.

पुढे माल बदलला. 1979 साली ब्रायन अँसेल यांच्या साथीने ‘सिटाडेल मिनिएचर्स’ ही धातूच्या छोट्या मूर्ती ओतणारी कंपनी निघाली. त्या मूर्ती खपाव्यात म्हणून 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा लढाईचा खेळ आला, आणि 1987 मध्ये दूरच्या भविष्यातलं ‘वॉरहॅमर 40,000’. कारभार नॉटिंगहॅमला हलला. पूर्वी या दुकानांत दहा कंपन्यांचे खेळ मांडलेले असत. ते हळूहळू फळीवरून उतरले आणि फक्त स्वतःचा माल उरला. जुन्या गिऱ्हाइकांनी याबद्दल केलेली कुरकुर अजून थांबलेली नाही. मलाही ती पटते. पुस्तकांच्या दुकानात एकाच लेखकाची पुस्तकं असावीत, असा तो प्रकार. पण हिशेबात कंपनीच बरोबर ठरली: डिसेंबर 2024 मध्ये ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली.

आज या दुकानांच्या पाटीवर ‘वॉरहॅमर’ असंच लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी एकच माणूस सगळं सांभाळतो. तोच व्यवस्थापक, तोच गल्ल्यावर, तोच शिक्षक. तो जेवायला गेला की दुकानाला कुलूप. जागाही मुख्य बाजारपेठेतली नव्हे, भाडं कमी असलेल्या आडबाजूच्या रस्त्यावरची. इथे चालता-चालता सहज डोकावणारा कमीच, येणारा पत्ता काढून येतो.

तरी नवखा आलाच, तर त्याच्यासाठी सगळं ठरलेलं असतं. त्याला एक मूर्ती फुकट मिळते. बोटाच्या दोन पेरांहून लहान असा चिलखतधारी सैनिक. प्लास्टिकच्या चौकटीत त्याचे हात, पाय, डोकं सुटं असतं. ते कातरीने तोडायचं, साच्याची रेघ खरवडायची, डिंकाने चिकटवायचं. मग खुर्ची, पाण्याचा पेला, एक ब्रश. आधी चिलखताला निळा रंग. तो वाळला की काळपट पातळ रंगाचा हात. या पातळ रंगाची गंमत बघण्यासारखी आहे: तो आपसूक खाचाखोचांत उतरतो, उंचवटे मोकळे सोडतो, आणि मघाशी खेळण्यासारखी दिसणारी मूर्ती एकदम खोल, वजनदार वाटू लागते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की धातूवर उजेड पडल्याचा भास. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी जशी सगळ्यात जाणत्या हाताकडे जाते, तसंच इथेही डोळे अवघड. म्हणून शहाणा दुकानदार नवख्याला शिरस्त्राण घातलेलं डोकंच देतो.

मग टेबल. त्यावर पडक्या इमारती, मोजपट्टी, मूठभर फासे. साध्या बंदुकीच्या दहा गोळ्या म्हणजे दहा फासे. तीन किंवा जास्त पडलं तर नेम लागला. दहातले सहा-सात उरतात. ते पुन्हा टाकायचे, आता चार किंवा जास्त हवं, उरले तीन. मग समोरचा तेवढे फासे उचलतो, कारण त्याचं चिलखत आहे, आणि तीन किंवा जास्त पडलं की तो वाचला. एवढा खडखडाट होऊन दहा गोळ्यांतली एखादीच अंगाला लागते. कागदावर हे गणित रुक्ष आहे, पण तिथे प्रत्येक दानाला दोघांचा श्वास अडकतो, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला डाव सोडून बघायला येतो.

तासाभराने तो नवखा बाहेर पडतो तेव्हा खिशात स्वतः रंगवलेली मूर्ती असते, बहुधा हातात पहिला संचही. जाहिरातीवर पैसा न उधळणाऱ्या कंपनीची ही जाहिरात. यात लबाडी आहे का? थोडी आहे. या दुकानांतल्या गळेपडू विक्रीबद्दल ब्रिटनमधल्या दोन-तीन पिढ्यांकडे किस्से आहेत. आत शिरताच कुणीतरी ‘तुमची सेना कोणती?’ म्हणून गाठायचं आणि रंगाची बाटली घ्यायला आलेल्याला नवं खोकं दाखवायचं. किमती दरसाल चढतात. त्रिमितीय छपाईयंत्रावर घरी काढलेल्या मूर्ती कंपनीच्या टेबलावर चालत नाहीत. आणि घेतलेलं पण न रंगवलेलं करडं प्लास्टिक घरोघरी साचत जातं. खेळणारे स्वतःच त्याला ‘लाजेचा ढिगारा’ म्हणतात.

यापेक्षा गंभीर तक्रार बायकांची होती आणि काही ठिकाणी अजून आहे. दार उघडताच सगळ्या माना वळतात, आणि ‘मुलासाठी घ्यायचंय का?’ हा प्रश्न ठरलेला. स्वतःची सेना घेऊन आलेल्या बाईला तो ऐकून घ्यावा लागतो. जून 2020 मध्ये कंपनीने जाहीर निवेदन काढून हा छंद सर्वांसाठी आहे असं सांगितलं, आणि ज्यांना हे रुचत नाही त्यांची उणीव आम्हाला भासणार नाही, असंही ऐकवलं. पण निवेदन काढतं नॉटिंगहॅम, आणि मान वळते ती गल्लीतल्या दुकानात. तिथला एकटा माणूस कसा वागतो, यावर सगळं ठरतं.

दुसरीकडे आहेत स्वतंत्र दुकानं. लंडनमध्येच कॉव्हेंट गार्डनजवळचं ‘ऑर्क्स नेस्ट’ किंवा फिंचलीतलं ‘लेझर गेम्स’ घ्या. तिथे एकाच कंपनीचं राज्य नाही. ‘मॅजिक’चे पत्ते, जर्मन पटखेळ, नियमांची पुस्तकं, निरनिराळ्या आकारांचे फासे, सगळं दाटीवाटीने. गंमत अशी की आज गेम्स वर्कशॉपच्या मालाचा अर्ध्याहून जास्त खप अशाच परक्या दुकानदारांमार्फत होतो. आणि त्यांचं दुखणंही वेगळं. गिऱ्हाईक येतं, खोकं हाताळतं, चार प्रश्न विचारतं, आणि त्याच पायरीवर उभं राहून फोनवरून दोन पैसे स्वस्त मागवतं. त्यावर अनेक दुकानांनी टेबलाचं भाडं, चहा-कॉफी, संध्याकाळच्या स्पर्धांची प्रवेश फी असे मार्ग काढले. म्हणजे जे पूर्वी फुकट होतं, ते आता विकायला आलं: बसायची जागा आणि समोर भिडू. 2020च्या टाळेबंदीत दुकानं बंद होती, तरी रंग आणि मूर्ती घरबसल्या धडाक्याने खपल्या. पण टेबलांवर जगणाऱ्या छोट्या दुकानदाराला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

लंडनला जाणं झालं आणि सोबत दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर वॉरहॅमरचं एखादं दुकान जरूर गाठा. आधी वेळ मात्र तपासून घ्या, आठवड्याच्या सुरुवातीला बरीचशी बंद असतात. मूर्ती फुकट मिळेल. तिच्या जोडीला ब्रशांचा संच आणि रंगाच्या सहा बाटल्या घ्यायच्या की नाही, हे दारातून आत शिरण्याआधीच मुलाशी ठरवून ठेवलेलं बरं.