विकणाऱ्याचा वाली कोण?

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यारने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. पुढे त्याचेच ‘ईबे’ झाले. तिथे पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडक्या मालालाही गिऱ्हाईक मिळते हे कळले, पण बोली जिंकणारा पैसे देईलच याची हमी कुणाकडे नव्हती. फेब्रुवारी १९९६ मध्ये एकमेकांबद्दल शेरे लिहायची सोय झाली आणि बराच काळ विक्रेत्याला आधार होता तो या शेऱ्यांचाच.

पैसे तेव्हा टपालाने येत. चेक वटेपर्यंत माल हलवायचा नाही, एवढे शहाणपण पुरेसे वाटे. भामट्यांनी त्यातूनही वाट काढली. बोलीपेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवायचा आणि ‘वरचे पैसे परत करा’ म्हणायचे. रक्कम खात्यात जमा दिसायची आणि चेक बनावट असल्याचे नंतर कधीतरी उघड व्हायचे. तोवर माल गेलेला, वरचे पैसेही गेलेले.

मग ऑनलाइन पैसे पोचवणारे पेपाल आले. २००२ मध्ये ईबेने ते विकतच घेतले. कार्डाने पैसे जमा झाले की विक्रेता निर्धास्त होई, आणि घात होई तो इथेच. कार्ड चोरीचे निघाले की त्याचा खरा मालक बँकेकडे तक्रार करतो, बँक रक्कम मागे ओढते आणि तो फटका बहुतेकदा विक्रेत्यावर येऊन पडतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या दोघा हॅकरांनी तर कमालच केली. लिलाव मांडणारेही तेच, बोली जिंकणारेही तेच आणि पैसे चोरीच्या कार्डांचे! नोव्हेंबर २००० मध्ये एफबीआयने एक खोटी कंपनी काढून त्यांना नोकरीच्या निमित्ताने सिएटलला बोलावले आणि तिथेच पकडले.

पेपालने विक्रेत्याला संरक्षण दिले, पण अटींसकट. माल नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवायचा, पोच जपून ठेवायची, मोठी रक्कम असेल तर घेणाऱ्याची सहीही हवी. दारात येऊन माल घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने नंतर हात वर केले, तर विक्रेत्याजवळ दाखवायला कुरिअरची पोच नसते. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ ही तक्रार तर या छत्राबाहेरच राहिली. त्यात मे २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराविरुद्ध वाईट शेरा लिहिता येईनासा झाला. सूडापोटी शेरे मारले जात होते हे खरे, पण या निर्णयाने विक्रेत्याच्या हातातली एकुलती एक काठीही काढून घेतली.

आपल्याकडे मुंबईच्या ‘बाझी डॉट कॉम’ने २००० मध्ये लिलाव मांडला. २००४ मध्ये ती कंपनी ईबेकडे गेली. त्यांच्या ‘पैसापे’मध्ये गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबत, विक्रेता माल पाठवून कुरिअरचा नंबर भरी आणि माल पोचल्यावर रक्कम त्याच्या हाती येई. पैसे मिळायला उशीर होई, विक्रेते कुरकुरत. तरी माझ्या मते दोन्ही बाजूंची काळजी घेणारी इतकी सरळ व्यवस्था आपल्याकडे विरळाच. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली.

तोवर जुना सोफा, फ्रिज विकणारे जाहिरातींच्या ॲपवर आणि यूपीआयवर आले होते. इथे मध्यस्थच नाही. ‘मी फौजेत आहे, बदली झालीय’ म्हणणारा गिऱ्हाईक घासाघीस न करता किंमत कबूल करतो. (घासाघीस नाही, इथेच कान टवकारायला हवेत.) आधी दोन-पाच रुपये खरोखर पाठवतो, मग क्यूआर कोड. ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ पिन टाकला की पैसे उलट आपल्याच खात्यातून जातात. चोरलेल्या कार्डाची गरजच उरली नाही, विक्रेता स्वतःच्या हाताने पैसे देतो. आणि पिन स्वतःच टाकलेला असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या ग्राहक-संरक्षणाच्या नियमांचाही अशा वेळी फारसा उपयोग होत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. क्यूआरचा सापळा मात्र अजून लागतोच. तेव्हा काही विकायला काढणार असाल तर एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि फसलातच, तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.