जोहान्सबर्ग : विकत मिळणारी सुरक्षितता

भारतीय क्रिकेटप्रेमींना जोहान्सबर्ग ठाऊक आहे ते वाँडरर्स मैदानामुळे. २००३ च्या विश्वचषकाची अंतिम लढत भारताने येथेच गमावली आणि २००७ चा पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक येथेच जिंकला. मात्र खेळाडू असो, व्यापारी असो वा पर्यटक, या शहरात उतरणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती अंधार पडल्यावर पायी न फिरण्याची. सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले आणि आफ्रिका खंडातील अतिश्रीमंत शहरांत गणले जाणारे हे शहर इतके असुरक्षित का, याचे उत्तर केवळ गुन्हेगारांच्या टोळ्यांत शोधून सापडत नाही. ते शहराच्या रचनेत आणि इतिहासात दडलेले आहे.

आकडे काय सांगतात?

दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी २०२२-२३ या वर्षात देशभरात २७,४९४ खुनांची नोंद केली. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. दोन्ही संख्या जवळपास सारख्या असल्या, तरी भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे आणि दक्षिण आफ्रिकेची जेमतेम सव्वासहा कोटी. म्हणजेच तेथे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४५ खून झाले, तर भारतात सुमारे दोन. त्याच वर्षात शस्त्राचा धाक दाखवून मोटारी पळविण्याचे २० हजारांहून अधिक प्रकार घडले. त्यांपैकी जवळपास निम्मे जोहान्सबर्ग व प्रिटोरिया ही शहरे असलेल्या गाउटेंग या एकाच प्रांतात होते.

हा आलेख सतत चढताच राहिला आहे, असे नाही. १९९४ मध्ये लोकशाही आली तेव्हा वर्षाला सुमारे २६ हजार खून होत आणि लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण आजच्यापेक्षाही जास्त होते. २०११-१२ पर्यंत ते निम्म्यावर आले. नंतरच्या दशकात मात्र ते पुन्हा वाढले. २०२४-२५ मध्ये त्यात काहीशी घट झाली असली, तरी २०११-१२ ची पातळी अद्याप दूर आहे.

शहराची फाळणी

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत सोने सापडले आणि जोहान्सबर्ग वसले. खाणींना मजूर हवे होते, पण त्यांनी कुटुंबासह शहरात स्थायिक व्हावे हे गोऱ्या राज्यकर्त्यांना नको होते. पुरुषांना गावाकडून आणून वसतिगृहांत कोंबण्याची पद्धत त्यातूनच रुजली. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने वंशानुसार वस्त्या वेगळ्या केल्या. १९५५ पासून सोफियाटाऊन ही नांदती वस्ती सशस्त्र पोलिसांच्या बळावर रिकामी करण्यात आली आणि तेथील कृष्णवर्णीयांना शहराच्या नैऋत्येकडील वसाहतींत हलविण्यात आले. याच वसाहती पुढे सोवेटो म्हणून ओळखल्या गेल्या. कामाच्या जागेपासून दूर, दिवाबत्ती आणि सोयींची वानवा असलेल्या अशा वस्त्या म्हणजे जणू मजुरांची कोठारेच होती.

या व्यवस्थेत पोलिसांचे मुख्य काम गुन्ह्यांचा तपास हे नव्हतेच. कृष्णवर्णीयांचे परवाने तपासणे आणि असंतोष दडपणे, यातच त्यांची शक्ती खर्च होई. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर याच पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पोलिसांवरील अविश्वास तेथे पिढ्यान् पिढ्या मुरला आहे, तो असा.

१९८६ मध्ये परवाना पद्धती आणि १९९१ मध्ये समूह क्षेत्र कायदा रद्द झाला. माणसे कामाच्या शोधात शहराच्या मध्यभागी येऊ लागली, त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी तेथून उत्तरेकडील सँडटनचा रस्ता धरला. २००० मध्ये शेअर बाजारही तिकडे गेला. मागे राहिलेल्या ओस इमारती टोळ्यांनी बळकावल्या आणि बेघर, स्थलांतरित लोकांकडून भाडे वसूल करण्यास सुरुवात केली. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी अशाच एका इमारतीला आग लागून ७० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ती इमारत महापालिकेच्या मालकीची होती आणि वर्णभेदाच्या काळात तेथे कृष्णवर्णीय मजुरांच्या परवान्यांचे कार्यालय होते.

बळी कोणाचे?

परदेशी पाहुण्यांना आणि सँडटनमधील धनिकांना भीती वाटते ती घरफोडीची आणि मोटार पळविण्याची. ती निराधार नाही. पण खुनाला बळी पडणाऱ्यांत मोठी संख्या असते ती गरीब वस्त्यांतील तरुण पुरुषांची. बहुतेक प्रसंगांत दरोडाही नसतो. आठवड्याअखेरचे मद्यपान, क्षुल्लक वाद आणि हाताशी असलेले पिस्तूल वा चाकू एवढ्यावर जीव जातो. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार उत्पन्नातील विषमता जगात सर्वाधिक असलेला हा देश आहे. बेकारीचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक आणि १५ ते २४ वयोगटात ६० टक्क्यांच्या आसपास आहे.

सुरक्षिततेची वाटणीही अशीच विषम आहे. याचा सर्वांत ठोस पुरावा याच देशातील केपटाऊनमधून पुढे आला. तेथील खायेलित्शा या गरीब वस्तीतील पोलीस कारभाराची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१४ मध्ये मनुष्यबळाच्या विषम वाटपावर बोट ठेवले. २०१८ मध्ये समता न्यायालयाने, पोलीस नेमण्याची प्रचलित पद्धत गरीब व कृष्णवर्णीय जनतेशी भेदभाव करणारी आहे, असा निर्वाळा दिला. जेथे गुन्हे अधिक, तेथेच पोलीस कमी, असा हा उफराटा न्याय होता.

तपासाची अवस्था त्याहून चिंताजनक आहे. २०११-१२ मध्ये सुमारे ३१ टक्के खुनांचा छडा लागत असे, तो वाटा दहा वर्षांत १२ टक्क्यांच्या आसपास घसरला. वरिष्ठ पातळीवरील भ्रष्टाचारानेही दलाला पोखरले. पोलीस आयुक्त आणि इंटरपोलचे अध्यक्ष राहिलेले जॅकी सेलेबी यांना अमली पदार्थांच्या तस्कराकडून लाच घेतल्याबद्दल २०१० मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. पोलीस मदतीला येत नाहीत म्हणून संशयिताला जमावानेच ठार मारण्याचे प्रकारही वस्त्यांत घडतात.

ज्यांना परवडते त्यांनी यावर वेगळा उपाय शोधला आहे. उंच भिंती, त्यावर विजेच्या तारा, रस्त्याच्या तोंडाशी अडथळा आणि फाटकावर सशस्त्र पथकाची पाटी हे उत्तर जोहान्सबर्गमधील नेहमीचे दृश्य आहे. देशात खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पाच लाखांहून अधिक असून ती पोलिसांच्या दुपटीहून जास्त भरते. सुरक्षितता हा नागरिकाचा हक्क न राहता दरमहा बिल भरून घेण्याची सेवा झाली आहे.

सर्वच शहरे सारखी नव्हेत

या अनुभवावरून साऱ्या खंडाबद्दल निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. नैरोबी आणि लागोस येथे लुटालूट ही खरी समस्या आहे, तर रवांडातील किगालीत रात्रीही निर्धास्तपणे फिरता येते. शिवाय दक्षिण आफ्रिका गुन्ह्यांचे आकडे तपशीलवार आणि नियमित प्रसिद्ध करते. अनेक देशांत विश्वासार्ह नोंदीच नाहीत, त्यामुळे तुलना जपूनच करावी लागते.

जाणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

- तेथे वाहतुकीच्या दिव्याला 'रोबो' म्हणतात. लाल दिव्याशी थांबलेल्या मोटारीची काच फोडून पिशवी पळविणे हा नेहमीचा प्रकार असल्याने काचा बंद ठेवाव्यात, पिशव्या आसनाखाली वा डिकीत ठेवाव्यात.
- मोटारी पळविण्याचे प्रकार बहुधा घराच्या फाटकाशी होतात. कोणी पाठलाग करीत असल्याचा संशय आल्यास घरी न जाता गर्दीच्या ठिकाणी वा पोलीस ठाण्यात जावे.
- विमानतळावर चलन बदलताना रक्कम उघडपणे मोजू नये. गाडी आधीच ठरवून ठेवावी.
- सशस्त्र लुटारूंना प्रतिकार करू नये.
- पोलिसांसाठी १०१११ आणि मोबाइलवरून तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

प्रश्न इच्छाशक्तीचा

२०१० मध्ये फुटबॉलचा विश्वचषक भरला तेव्हा जगभरात भीतीचे वातावरण होते. सरकारने सुमारे ४० हजार जादा पोलीस आणि ५६ विशेष न्यायालये सज्ज ठेवली. परदेशी पत्रकारांना लुटणारे दोघे अवघ्या काही दिवसांत १५ वर्षांची शिक्षा होऊन तुरुंगात गेले. स्पर्धा सुखरूप पार पडली. पाहुण्यांसाठी एक महिना जी तत्परता दाखविता आली, ती सोवेटोतील रहिवाशांच्या वाट्याला वर्षाचे बारा महिने का येत नाही, हा प्रश्न त्यानंतर तसाच राहिला. त्याचे उत्तर मिळेपर्यंत भिंतींची उंची वाढत राहील आणि त्या भिंतींबाहेरच्यांचे जिणे तितकेच असुरक्षित राहील.