उसन्या नावाचा धंदा

एकाच वेळी हजारो लोकांना नको असलेले संदेश धाडणाऱ्यांपुढे संदेश पोहोचवण्याची अडचण फारशी नसते. तो खरा वाटावा, ही त्यांची खरी अडचण असते. नाव कमवायला लागणारी वर्षे त्यांच्याकडे नसल्यामुळे ते एखाद्या बँकेची, कुरिअर कंपनीची किंवा वीज कंपनीची पत परस्पर उसनी घेतात.

२०२२च्या सुमारास महाराष्ट्रात महावितरणच्या नावाने फिरलेला संदेश या कसबाचा उत्तम नमुना ठरावा. मागील महिन्याचे बिल ‘अपडेट’ झालेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, तरी सोबतच्या क्रमांकावर ‘अधिकाऱ्या’शी बोलावे, असा त्याचा आशय असे. ग्राहकांची यादी मिळवण्याची गरजच नव्हती, कारण वीज घरोघरी असते. वेळ रात्रीची होती, म्हणजे खात्री करायला कार्यालय उघडे नाही. आणि बिल थकले असे न म्हणता ‘अपडेट झाले नाही’ असे म्हटल्यामुळे वेळेवर पैसे भरणाराही साशंक होई. फोन केला की दूरनियंत्रणाचे अ‍ॅप, म्हणजे आपल्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसू देणारे अ‍ॅप, उतरवून घ्यायला सांगत आणि दहा-वीस रुपये भरायला लावून त्या निमित्ताने खात्याचे पासवर्ड व ओटीपी टिपत. वास्तविक वीज कायदा २००३च्या कलम ५६नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे कलम वीजबिलावर ठळकपणे छापले जात असते, तर त्या संदेशाचा बराचसा धाक तिथेच ओसरला असता.

असे संदेश साध्या दहा अंकी क्रमांकांवरून येत, तर कंपनीचे स्वतःचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ या अक्षरांच्या हेडरने येत. हेडर म्हणजे संदेशाच्या माथ्यावर क्रमांकाऐवजी दिसणारे, प्रेषकाची ओळख सांगणारे नाव. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला ते दूरसंचार कंपन्यांकडे नोंदवावे लागते. २०२५च्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी हे अक्षर जोडण्याची पद्धत आली. सोय चांगली आहे. ती किती ग्राहकांना ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

ईमेलची गोष्ट मुळापासूनच ढिली आहे. १९८२मध्ये ठरलेल्या मूळ नियमावलीत पाठवणारा स्वतःविषयी जे सांगेल ते तसेच स्वीकारले जाई, जसे पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणतेही नाव लिहिता येते. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्या आल्या. त्यांच्यामुळे ईमेल खरोखर त्या डोमेनकडून, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या नोंदणीकृत पत्त्याकडून, आला की नाही हे तपासता येते. मात्र एखादे अक्षर बदलून स्वतःच नोंदवलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनवरून ईमेल पाठवला, तर तो या तिन्ही कसोट्यांना उतरतो, कारण पत्ता ज्याचा त्यानेच तो पाठवलेला असतो.

दोष एकट्या ग्राहकाच्या भोळेपणाचा मानणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. अस्सल कंपन्याही आखूड केलेल्या, कुठे नेतील हे न कळणाऱ्या लिंका पाठवतात, अनोळखी दहा अंकी क्रमांकांवरून फोन करून जन्मतारीख विचारतात आणि दर मोहिमेसाठी नवे संकेतस्थळ काढतात; अशा वागण्याची सवय लागलेल्या ग्राहकाने नक्कल कशावरून ओळखावी? म्हणूनच २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने उचललेली पावले अधिक मोलाची वाटतात. तिने बँकांना व्यवहारासंबंधीच्या फोनसाठी १६०० या अंकांनी सुरू होणारे क्रमांक वापरायला सांगितले आणि ‘बँक डॉट इन’ हे केवळ बँकांसाठी राखलेले डोमेन आणले. ओळख पटवून देण्याचा भार त्यामुळे काही अंशी तरी नाव ज्याचे आहे त्याच्यावर आला.