मनीप्लँट मरतो तो पाण्यानेच

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या माणसाला झाडाचं पाणी शिकवायला नको. आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी तोडून ताण कधी द्यायचा, खोडाला पाणी लागून डिंक्या येऊ नये म्हणून दुहेरी आळं कसं करायचं, हे इथल्या बागायतदाराला पाठ असतं. पण त्याच घरात ओसरीवरच्या मनीप्लँटला रोज तांब्याभर पाणी पडतं. पानं पिवळी पडली की आणखी एक तांब्या.

पिवळं पान म्हणजे तहान, हाच सगळ्यांत घातक गैरसमज. कुंडीत बहुधा शेतातली काळी माती असते. कपाशीला ती सोनं, पण कुंडीत भिजली की फुगून गच्च बसते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही वेल माना टाकतो. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर पाणी नको. मातीत कोकोपीट, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मे महिन्यात गच्चीवरची कुंडी भराभर वाळते, कूलरच्या खोलीतली उशिरा. त्यामुळे वार लावून पाणी घालण्यात अर्थ नाही.

पानांवर फवारा मारून हवा दमट होत नाही. इथल्या उन्हाळ्यात ते थेंब बघता बघता उडून जातात. त्यापेक्षा लू येणाऱ्या खिडकीतून कुंडी हलवा.

चोरून आणलेला मनीप्लँटच वाढतो म्हणतात. फांदी विकतची असो की मागून आणलेली, तिला पेर हवं. पेरापाशी तपकिरी उंचवटा दिसतो, तिथूनच मूळ फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर कधी मुळं येतात, वेल मात्र होत नाही.

झाडावर चढलेला सुपाएवढ्या पानांचा वेल बघून लोक ती वेगळी जात समजतात. तो हाच. मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा, झाडांच्या खोडांवर चढणारा. लोंबता ठेवला की पानं बारीक राहतात. काथ्या गुंडाळलेला दांडा रोवा, तो ओला ठेवा, खिडकीजवळचा उजेड द्या. हवेतली मुळं काथ्यात शिरली की नवी पानं मोठी येऊ लागतात.

आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. मनीप्लँट अळूच्याच कुळातला आहे; अळू खाजतं ते ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, ते याच्याही पानांत असतात. कच्चं पान चावलं तर तोंडाची आग होते.