माउथ ऑर्गनवरची मींड

'सोलवाँ साल' (१९५८) या चित्रपटातील हेमंतकुमार यांच्या गीतात राहुलदेव बर्मन यांनी वाजविलेला माउथ ऑर्गन रसिक विसरलेले नाहीत. या वाद्यावर अमेरिकी कृष्णवर्णीयांचे 'ब्लूज' संगीत शिकू पाहणाऱ्याची फसगत मात्र खरेदीच्या वेळीच होऊ शकते.

छिद्रांच्या दोन ओळी असलेला 'ट्रेमोलो' प्रकार चित्रपटगीतांना गोड वाटतो. पण त्याच्या एका छिद्रात एकच पत्ती असते. ब्लूजसाठी दहा छिद्रांचा 'डायाटॉनिक', तोही आरंभी 'सी' पट्टीचा घ्यावा. त्याच्या प्रत्येक छिद्रात दोन पत्त्या असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास ओढल्यावर. ओढताना जीभ किंचित मागे नेऊन मुखपोकळीचा आकार बदलला, की दोन्ही पत्त्यांच्या संयोगाने स्वर खाली उतरतो. हेच 'बेंडिंग'. हार्मोनियमला न साधणारी मींड येथे श्वासावर साधते.

म्हणूनच ब्लूजवादक 'सी'च्या वाद्यावर 'जी'ला षड्ज मानतात. त्यामुळे महत्त्वाचे स्वर ओढलेल्या श्वासावर येतात. नवशिक्याने प्रथम एकेक स्वर स्वच्छ काढावा, मग चौथ्या छिद्रावर बेंडिंगचा सराव करावा. त्यासाठी धीर हवा, जोर नव्हे; जोराने पत्ती बेसूर होते.