मातीखालचं बिऱ्हाड (लेखांक ७) : रायवळ आयरिस

मागच्या आठवड्यात आपण पांपोरच्या केशराच्या शेतात होतो. केशराला बी धरत नाही, कंदाला कंद फुटतो आणि त्यावरच शेती चालते, इथे तो लेख थांबला होता. आजचा पाहुणा केशराच्याच कुळातला आहे. त्याला बी धरतं, पण ते पेरायचं तर माणसाकडे वेळ लागतो.

आयरिस म्हटलं की फुलवाल्याच्या बादलीतली लांब दांड्यांची निळी-जांभळी फुलं डोळ्यांपुढे येतात. आपला आयरिस वीतभरही उंच नसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या गटाला ‘रेटिक्युलाटा’ म्हणतात, म्हणजे जाळीदार. सुपारीएवढा कंद, आणि त्यावर वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखी साल. पात बोटांत फिरवून पाहिली तर बहुतेक जातींत ती चक्क चौकोनी लागते. तुर्कस्तान, इराण आणि कॉकेशसचे डोंगर हे त्याचं माहेर. बर्फ वितळू लागलं की त्याच्या कडेलाच हे फूल उमलतं. मग पात वाढते, उन्हाळ्याच्या तोंडाला पिवळी पडते आणि वर काही उरत नाही.

आपल्या सह्याद्रीतला रानकांदाही असाच दडून बसतो, पण दोघांचं पंचांग उलटं आहे. रानकांदा ऐन उन्हाळ्यात आधी फुलतो आणि पावसावर पानं काढतो. तुर्की डोंगरात पाऊस आणि बर्फ हिवाळ्यातले, उन्हाळा कोरडा. त्यामुळे तिथला कंद पावसाळी थंडीत मुळं सोडतो आणि उन्हाळाभर झोपतो. लागवडीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

या गटातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फसवा कंद म्हणजे ‘आयरिस डॅनफर्डिए’. फूल हळदीसारखं पिवळंधमक. आयरिसच्या तीन उभ्या पाकळ्या एरवी मिरवत असतात, इथे त्यांच्या जागी बारीक केसरासारखी टोकं तेवढी उरलेली दिसतात. युरोपातल्या दुकानांत शरद ऋतूत हे कंद पिशव्या भरभरून विकले जातात. पहिल्या वर्षी फूल हमखास येतं, दुसऱ्या वर्षी नुसती गवतासारखी पात. उकरून पाहावं तर मूळ कंद गायब आणि त्या जागी तांदळाच्या दाण्यांएवढी कणी. फूल देऊन झालं की हा कंद फुटतो आणि त्या कणीला फुलायच्या वयात यायला काही वर्षं लागतात. म्हणून जाणते माळी तो नेहमीपेक्षा खोल, पंधरा-वीस सेंटीमीटरवर लावतात. तिथे तो कमी फुटतो.

बी मिळेल म्हणावं, तर तेही नाही. दुकानातला हा डॅनफर्डिए वांझ आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत. तीनाची सरळ वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. आपल्या केळीचं आणि केशराचं हेच दुखणं. केळीला आपण मुनवे लावतो, डॅनफर्डिएला डच शेतकरी कणी लावतात. एकच झाड, त्याच्या लाखो नकला.

नक्कल वाईटच असते असं नाही. कोकणातलं प्रत्येक हापूसचं कलम नक्कलच असतं, आणि म्हणूनच आंबा खात्रीचा निघतो. आयरिसमधला हापूस म्हणजे ‘कॅथरीन हॉजकिन’. ई. बी. अँडरसन या इंग्लिश बागायतदाराने १९५०च्या दशकात पिवळा ‘विनोग्रादोवी’ आणि निळा ‘हिस्ट्रिऑइडिस’ यांचा संकर केला. त्यातून आलेल्या एका रोपाला फिक्या निळसर-हिरव्या रंगाचं, पिवळी झाक आणि गडद शिरा असलेलं फूल आलं. बागप्रेमी मित्राच्या पत्नीचं नाव त्याने त्याला दिलं. आज जगात कुठेही कॅथरीन हॉजकिन लावा, ते त्याच एका रोपाचं वाढत गेलेलं अंग असतं.

कलमाची खात्री आणि कलमाचा धोका जोडीने येतात. एका कंदात विषाणू शिरला की त्याच्या पिलावळीतही तोच. शिवाय या गटाला ‘शाईचा रोग’ नावाची बुरशी लागते. सालीवर दौत सांडल्यासारखे काळे डाग पडतात आणि कंद आतून संपतो. सगळे कंद एकाच घडणीचे असले की एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारू शकतं. बियांतून मात्र बहुतेक विषाणू पुढच्या पिढीत उतरत नाहीत आणि प्रत्येक रोप वेगळं निघतं. हापूसची कोय रुजवली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. आयरिसच्या बाबतीत दुर्मिळाला तारणारा हा रायवळच.

विनोग्रादोवी जॉर्जियातल्या मोजक्या डोंगरकुरणांवर उरला आहे. तिथला कंद उपटून आणणं म्हणजे डोंगराच्या शिल्लकीतून एक वजा करणं. बियांचं बोंड आणलं तर डोंगराकडे झाड राहतं आणि आपल्याकडे रोपं येतात. या जातीला उन्हाळ्यातही ओल लागते. इतरांसारखी कोरडी ठेवली तर ती रुसते. म्हणून थंड, ओलसर स्कॉटलंडमधल्या बागांत ती छान रमली आहे.

आता बी धरायचं कसं ते पाहू. आयरिसच्या फुलात पराग आणि कुक्षी एकाच छपराखाली असतात. छप्पर म्हणजे पाकळीसारखीच दिसणारी कुक्षिवृंताची फांदी. तिच्या खाली परागकोश चिकटलेला असतो आणि टोकाजवळ, खालच्या अंगाला, एक नाजूक ओठ असतो. एका फुलातला परागकोश चिमट्याने काढायचा आणि दुसऱ्या फुलाच्या त्या ओठावर हलकेच घासायचा. लग्न लागलं. पण बोंड शोधायला देठाकडे पाहाल तर काहीच दिसणार नाही. आपण देठ समजतो ती फुलाची लांब नळी असते. बीजकोश मातीखाली, कंदाजवळ असतो. फूल सुकून जातं, दोन-तीन महिने काही घडल्याचं दिसत नाही आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मातीतून फुगीर बोंडाचं टोक वर येतं. तिथे आधी खूण रोवली नसेल तर बी मातीतच सांडतं आणि वर्ष वाया जातं.

बी शरदात पेरायचं. निचऱ्याची माती, वर बारीक खडीचा थर, आणि कुंडी हिवाळाभर उघड्यावर. बीला ओली थंडी लागते. ती लाभली की वसंतात शिवणाच्या सुईसारखी एकच पात वर येते. सगळं बी एकदम उगवत नाही. काही बिया एक हिवाळा बघतात, काही दोन. रिकामी वाटणारी कुंडी दुसऱ्या वर्षी हिरवी होते, म्हणून फेकण्याची घाई नको. पहिल्या वर्षाअखेर कंद तांदळाएवढा, पुढे वाटाण्याएवढा. फूल तीन ते पाच वर्षांनी. मधल्या काळात एकच पथ्य: पात हिरवी असेतो कापायची नाही. जुना कंद दरवर्षी खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा भरतो, तो त्या पातीच्या कमाईवर.

हा खेळ सगळ्यांत चिकाटीने खेळलेले गृहस्थ म्हणजे कॅनडातल्या टोरांटोचे अ‍ॅलन मॅकमर्ट्री. त्यांनी १९८०च्या दशकात तुर्कस्तानातून दोन संचांचा, म्हणजे बी धरणारा डॅनफर्डिए मिळवला आणि तिथल्याच एका निळ्या जातीशी त्याचा संकर केला. पहिल्या पिढीतली रोपं बहुतांशी वांझ. पण जी थोडी फळली, त्यांच्या लेकरांत पांढरी फुलं आली. पिवळ्या आणि निळ्यातून पांढरं कसं? एका आजोबांकडे पिवळा रंग होता, निळा नव्हता. दुसऱ्यांकडे निळा होता, पिवळा नव्हता. नातवंडांत काहींना दोन्ही मिळाले, काहींना एक, आणि काहींच्या वाट्याला दोन्ही ‘नाही’ आले. ती पांढरी. दुकानातल्या वांझ कंदाच्या लाखो नकलांतून हे कधीच बाहेर पडलं नसतं.

रंग हाती लागला तरी काम अर्धंच. आवडलेल्या त्या एका रोपाचे कंद वाढवायला पुन्हा कलमाचीच वाट. कंद वर्षाला दुप्पट होतात असं धरा: एकाचे दहा वर्षांनी १,०२४, पंधरा वर्षांनी ३२,७६८. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे दाणे मोजायला राजा नाही, माळी बसतो, आणि प्रत्येक घराला एक वर्ष लागतं.

एका वाचकाने विचारलं आहे, हे पुण्यात जमेल का? विकतचा कंद फ्रिजच्या भाजीच्या खणात तीनेक महिने ठेवला आणि डिसेंबरात लावला तर एकदा फुलू शकेल. पुढच्या वर्षीचा कंद मात्र आपल्या उकाड्यात भरणार नाही. हौस म्हणून करा, संसार थाटायच्या आशेने नको.

आणि थंड मुलुखात कुणी नातलग असेल, त्याच्या अंगणात कुंडी ठेवायला जागा असेल, तर त्याला पिशवीभर कंदांऐवजी चिमूटभर बी सुचवा. पाच वर्षांनी उमलेल ते फूल याआधी कुठेच उमललेलं नसेल.

(पुढील आठवड्यात : ‘आयरिस पर्सिका’. विल्यम कर्टिसच्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’चं १७८७ मधलं पहिलंच चित्र याचं. तेव्हा लोक त्याला घरात पाण्याच्या काचपात्रात फुलवत. आज तो जपताना तज्ज्ञांचीही दमछाक होते.)